हमीदाचा सवाल

आर्णीत आमच्या मुसलमान वस्तीत एखादी बाई वारली, की एक माणूस कबरस्तानाकडे जातो आणि दुसरा माझ्याकडे येतो. मय्यतीला आंघोळ घालायचं, म्हणजे गुस्ल द्यायचं काम मी बावीस वर्षं करते आहे. सासूकडून शिकले. नाव जुबैदा, पण सगळी वस्ती खाला म्हणते. तापानं फणफणलेल्या बाईच्या घरी मी नुसती भेटायला गेले तरी घरच्यांचे चेहरे उतरतात. एका म्हातारीनं तर मला पाहून पांघरूण डोक्यावरून घेतलं होतं. मला अजून त्याचं हसू येतं.

हे आधी सांगायचं कारण असं, की मला झालेला कॅन्सर मी दवाखान्यात ओळखला नाही. तो वासावरून ओळखला, आणि तो वास मला गुस्लाच्या तख्त्यावर, मय्यत धुवायच्या फळीवर, माहीत झाला होता.

दुसरी गोष्टही सांगून टाकते. मला चौदा वर्षांपासून एचआयव्ही आहे. नवरा ट्रकवर होता, पांढरकवड्यावरून हैदराबादकडे जायचा. तो गेला आणि जाताना हे ठेवून गेला. शिव्या देऊन झाल्या, रडूनही झालं. यवतमाळच्या एआरटी सेंटरमधून गोळ्या आणते, एक दिवस चुकवत नाही, म्हणून आज उभी आहे. तिथल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "खाला, झालं ते लिहून काढा. तुमच्यासारख्या बाया वाचतील." घरात आमची बोली हिंदीकडे झुकलेली, पण माझी शाळा मराठी, तेव्हा मराठीत लिहिते.

*

गुस्ल देणारीकडे बायका जिवंतपणीही येतात, सवाल घेऊन. पाकी-नापाकीचे. कोणत्या दिवसांत नमाज सोडायची, कधी पुन्हा सुरू करायची. पुरुषांना विचारता येत नाही, म्हणून मला विचारतात.

हमीदा अशीच आली होती. शिंप्याची बायको, स्वतः घरी फॉल-पिको करायची. जांभळी ओढणी डोक्यावर घट्ट, उंबऱ्यावरच बसली. दुपारची वेळ होती, मी तूर निवडत होते.

"खाला, महिना झाला, थांबूनच नाही राह्यलं. या खुनात नमाज होते काय?"

खून म्हणजे अंगावरून जाणारं रक्त, आणि त्याचा शरियतचा हुकूम मला तोंडपाठ होता. म्हटलं, "दहा दिवसाच्या वर गेलं ना? मंग ते पाळीचं नाही, ते रगेचं, म्हंजे नसेचं खून हाये. दर नमाजले हात-तोंड-पाय धुऊन नवा वजू कर अन् पढ. माफी नाही."

"म्हंजे काही नाही ना?"

"काही नाही."

हमीदा खूश होऊन गेली. तिला नमाज सोडायची नव्हती.

दीड वर्षानं तिच्याच अंगणात, चादरी बांधलेल्या आडोशात, ती माझ्यासमोर तख्त्यावर होती. हडकुळी झाली होती. लोक म्हणत होते, अंगातली ताकद गेली. मी हाताला कापडाची थैली बांधली, बेंबीपासून गुडघ्यापर्यंतच्या चादरीखाली हात घातला, रीतीप्रमाणे पोटावर हलका दाब दिला. आणि तो वास आला.

बोरीची पानं उकळलेलं पाणी तीनदा घातलं. कापूर टाकलेलं शेवटचं पाणी घातलं. कापूस जास्तीचा लावला. वास गेला नाही. तिची मुलगी रुबीना लोटा धरून उभी होती, तिनं ओढणीनं नाक झाकलं आणि मग स्वतःचीच लाज वाटून परत काढलं.

आमच्या कामाचा एक नियम आहे. तख्त्यावर जे दिसलं, जे कळलं, ते तख्त्यावरच ठेवायचं. मुर्द्याचं झाकणाऱ्याचं अल्ला झाकतो. मी झाकलं. हमीदाच्या आधी असा वास आणखी दोघींच्या मय्यतीला आला होता, त्यांचंही झाकलं होतं.

*

माझी पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली होती. मग एक दिवस डाग दिसला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा.

मी काय केलं असेल? तोच हुकूम स्वतःला सांगितला. रगेचं खून आहे, नवा वजू करायचा, नमाज पढायची. आठ महिने एकही नमाज चुकवली नाही. त्या आठ महिन्यांत मी यवतमाळला गोळ्या आणायला गेले, तेव्हा मॅडम दर वेळी म्हणायच्या, "खाला, गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. एचआयव्ही असलेल्या बायांना हा कॅन्सर जास्त धरतो. पाच मिनिटांचं काम आहे." आणि मी म्हणायची, "माझं आता वय राहिलं का त्याचं?" बावीस वर्षं बायकांची अंगं उघडी पाहिलेली मी, स्वतःचं कोणाला दाखवायला लाजत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आठव्या महिन्यात एके दिवशी मोरीत स्वतःची सलवार धूत होते. ऊन डोक्यावर होतं. सलवार पाण्यातून वर उचलली आणि वास आला.

मी मागे वळून पाहिलं. खरंच सांगते, मी मागे पाहिलं. मला वाटलं मोरीच्या दारात कोणाची तरी मय्यत आणून ठेवली आहे. दारात कोणी नव्हतं. पुन्हा सलवार नाकाजवळ नेली. तोच वास, हमीदाचा.

हुकूम चुकीचा नव्हता, नमाज माफ नव्हतीच. पण नमाज माफ नाही म्हणजे आजार नाही, हे मी कुठून काढलं? "काही नाही" हे दोन शब्द कोणत्याच किताबात नव्हते. ते माझे होते. हमीदाला मी माझ्या खिशातून दिले होते आणि मग तेच स्वतःला दिले.

*

यवतमाळच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तपासताना त्यांनी एक हात माझ्या पोटावर ठेवला आणि हलका दाब दिला. हा दाब मला माहीत होता, फक्त आजवर माझा हात वर असायचा.

तुकडा तपासायला गेला. निकालाच्या दिवशी सून माझ्यासोबत होती. नसरीन तिचं नाव, महागावची, तिची वऱ्हाडी माझ्याहून चोख. निकाहाच्या आधी मी तिला माझ्या एचआयव्हीचं सांगितलं नव्हतं. माझी चूक. तिला गव्हाच्या कोठीतल्या गोळ्यांच्या डब्यानं सांगितलं. त्या दिवशी ती डबा हातात घेऊन आली आणि एवढंच म्हणाली, "अम्मी, गव्हात ठेवल्या तं कीड लागन. माह्या अलमारीत ठेवा." तेव्हापासून तिला बोलायला मी चार वेळा विचार करते.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कॅन्सर आहे, दुसऱ्या टप्प्यात आहे, मशीनच्या किरणांचा शेक आणि केमोचं सलाईन मिळून बरा व्हायची चांगली आशा आहे, एचआयव्हीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. मी सगळं ऐकलं. बाहेर आल्यावर नसरीननं विचारलं, "समजलं ना अम्मी, काय म्हणे त्या?" मला फक्त माझे पाय दिसत होते. दोन्ही अंगठे मय्यतीसारखे एकमेकांना बांधलेले नाहीत ना, हे मी खाली वाकून पाहिलं.

घरी मुलगा सलीम, त्याचं दुचाक्यांचं गॅरेज आहे. वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, त्याचीही तपासणी झाली होती, तो बचावला. त्यानंतर त्या आजाराचं नाव त्यानं घरात कधी काढलं नाही. ऐकल्यावर तो आधी चिडला.

"नागपूरले जा, इलाज कर, मी नेतो. पण कोणाले काही सांगू नको, अम्मी. एक गोष्ट निंघाली का दुसरी निंघते. मंग तुह्या हातानं कोण मय्यत धुऊ देईन? अन् माह्या गॅरेजवर कोण पाय ठेवन?"

त्याला वाटलं मी रागावले. मी वेगळंच मोजत होते. वस्तीत गुस्ल देणारी मी एकटी. लोकांना कळलं, तर माझ्या अंगाला हात कोण लावणार? माझं गुस्ल कोण देणार? दुसऱ्या कशाचीच भीती वाटली नाही मला, एवढ्याचीच वाटली.

सगळ्यांना सांगितलं, पित्ताशयात खडा आहे.

*

नागपूरला दवाखान्याजवळ खोली घेतली, नसरीन सोबत राहिली. पाच आठवडे रोज शेक, आठवड्यातून एकदा सलाईन. पहिल्या दिवशी पोटावर आणि मांड्यांच्या बाजूला जांभळ्या शाईच्या रेघा ओढल्या आणि सांगितलं, पुसू द्यायच्या नाहीत.

शेकाची खोली थंड होती. कडक, अरुंद फळी. दोघी मुली आल्या, त्यांनी चादर बेंबीपासून गुडघ्यापर्यंत घातली, पाय सरळ केले, अंग किंचित उजवीकडे सरकवलं. त्यातली एक म्हणाली, "हात छातीवर घ्या, मावशी. आता हलायचं नाही हं."

मला एक सवय आहे. मी मय्यतीशी बोलते. कुशीवर करायच्या आधी सांगते, आता उजवीकडे हं बाई, आता पाणी टाकते हं, घाबरू नको. सासू म्हणायची, त्यांना ऐकू येतं. त्या मुली माझ्याशी तसंच बोलत होत्या, त्याच समजुतीच्या आवाजात. मग त्या बाहेर गेल्या, जाड दार बंद झालं आणि मशीन माझ्याभोवती फिरू लागलं. दुखत काहीच नव्हतं. मी मनात म्हणत राहिले, मी उत्तर देऊ शकते, मी उत्तर देऊ शकते.

*

आता जे सांगते त्यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा.

शेकाआधी लघवीची पिशवी भरलेली लागते, म्हणून बाहेर सगळ्या बायका बाटल्या घेऊन पाणी पीत बसायच्या. भिंतीशी ओळीनं खुर्च्या. तिसऱ्या आठवड्यात माझं रक्त कमी झालं होतं, जुलाब सुरू होते, उभं राहिलं की भोवळ यायची. त्या आठवड्यात चौथ्या खुर्चीवर एक बाई बसू लागली. जांभळी ओढणी डोक्यावर घट्ट, मान खाली. तिच्या हातात बाटली नसायची, फाईल नसायची. माझं नाव पुकारलं की मी उठायची, तिच्यासमोरून जायची आणि कापराचा वास यायचा.

एकदा नसरीननं हातातली पिशवी त्या खुर्चीवर ठेवली. मी पटकन म्हटलं, "तिथं नको ठेवू. बसली हाये ना ती."

नसरीननं खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पिशवी उचलून मांडीवर घेतली. नंतर त्या खुर्चीवर तिनं पुन्हा कधी काही ठेवलं नाही. उलट तिच्यासमोरून जाताना पाय आवरून जायची. तिला काही दिसत होतं का, हे मी आजवर विचारलेलं नाही.

डॉक्टरांनी रक्ताची पिशवी लावली. म्हणाले, अशक्तपणात असं होतं. होत असेल. रक्त चढल्यावर भोवळ थांबली, पण बाई येत राहिली.

*

चौथ्या आठवड्यात माझ्यानं आंघोळही होईना. नसरीननं मला मोरीत स्टुलावर बसवलं. कोमट पाणी घेतलं, आधी हात धुतले, तोंड धुतलं, मग उजव्या खांद्यावरून पाणी सोडलं. मग डाव्या. परत उजव्या. मी डोळे मिटून होते. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं आणि मी किंचाळलेच.

"मुर्द्यावानी काहून न्हाऊ घालून राह्यली मले?"

तिच्या हातातला मग पडला. "अम्मी, मले दुसरं कुठं येते? तुमच्यासंग चार-पाच मय्यतीत पाणी टाकलं, तेवढंच पाह्यलं मी."

मग मला हसू फुटलं, तिलाही फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. माझ्या पोटावरच्या जांभळ्या रेघा तिनं ओंजळीनं झाकून धरल्या होत्या, पाणी लागू नये म्हणून.

त्या दिवशी चार आठवड्यांतली पहिली झोप लागली मला. माझं गुस्ल कोण देणार, याचं उत्तर मोरीत मिळालं होतं.

*

शेवटचे शेक आतून असतात. आत नळ्या बसवतात, खोलीत एकटीला ठेवतात, बाहेरून काचेतून बघतात आणि भिंतीतल्या स्पीकरवरून बोलतात. ज्या बायकांना हे करायचं आहे त्यांना सांगते, बसवताना भूल देतात, नंतर फक्त पडून राहायचं असतं, मिनिटं थोडी असतात. पण हलायचं नाही.

मी छताकडे बघत होते. मशीनची टिकटिक सुरू झाली. स्पीकरमधून आवाज आला, "आता उजवीकडे हं बाई. घाबरू नको."

तो आवाज माझा होता.

मग पायाशी कापराचा वास आला. मान वळवता येत नव्हती, पण मला कळलं ती कुठे उभी आहे. हमीदानं अगदी हळू, उंबऱ्यावर बसून विचारलं होतं तसंच विचारलं.

"खाला, या खुनात नमाज होते काय?"

मला उत्तर द्यायचं होतं. जीव तोडून द्यायचं होतं. पण बोललं तर पोट हलतं, आणि पोट हलवायचं नव्हतं. डोळ्यांतून पाणी कानात गेलं. मशीन थांबलं, दार उघडलं, सिस्टर म्हणाली, "झालं मावशी, रडता कशाला?" मी विचारलं, कुशीवर व्हायला कोणी सांगितलं होतं का? ती म्हणाली, छे, मधे कोणीच बोललं नाही.

*

तीन महिन्यांनी तपासणी झाली. गाठ दिसत नव्हती. दर काही महिन्यांनी जायचं आहे, कायमचं बरं झालं असं कोणी छातीठोक सांगत नाही, पण आजचा दिवस माझा आहे. जेवण पचतं, लघवीला कधी कधी जळजळ होते, जिना चढताना थांबते. पित्ताशयाचा खडा निघाला म्हणून बायकांनी मिठाई मागितली, ती मी दिलीसुद्धा.

चौथी खुर्ची नागपूरलाच राहिली असं मला वाटलं होतं. पण सवाल माझ्यासोबत आर्णीला आला.

पुढचं सांगण्याआधी रुबीनाचं सांगून टाकते, म्हणजे वाचणारीचा जीव टांगणीला नको. हमीदाची मुलगी, बत्तीस वर्षांची. मी तिला यवतमाळला नेलं. तिच्या पिशवीच्या तोंडावर खराब डाग निघाला, पण तो कॅन्सर व्हायच्या आधीचा. तिथल्या तिथे इलाज झाला, दुपारच्या एसटीनं आम्ही परतसुद्धा आलो. आता दर वर्षी मीच तिला आठवण करते. वस्तीतली दोन घरं मला मय्यतीला बोलवत नाहीत. सलीम महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. गॅरेज चालू आहे.

हे सगळं ज्या दिवशी सुरू झालं, तो दिवस असा.

आजारपणानंतरचं माझं पहिलं गुस्ल होतं. नव्वदीची म्हातारी, झोपेतच गेली, सोन्यासारखं मरण. दुपारची जोहरची नमाज झालेली, चादरींच्या आडोशात ऊन गाळून येत होतं. म्हातारीच्या दोन सुना, मी, आणि लोटा धरून रुबीना. मी थैली बांधली, पोटावर दाब दिला. काही वास नव्हता. मला बरं वाटलं.

मी म्हातारीला म्हटलं, आता उजवीकडे हं बाई. तेवढ्यात माझ्या कानाशी हळू आवाज आला.

"खाला, दोन महिने झाले, थांबूनच नाही राह्यलं. या खुनात नमाज होते काय?"

वर बघायची हिंमत होईना. मशीनची टिकटिक ऐकू आली, पाठीखाली कडक फळी लागली. मग लोट्यातून एक थेंब माझ्या मनगटावर पडला आणि मी पाहिलं, रुबीना होती. आवाज मात्र आईचा.

या वेळी मला हलता येत होतं.

"होते," मी म्हटलं. "नमाज होते, पढ. पण काही नाही असं नाही. उद्या सकाळच्या गाडीनं माह्यासंग यवतमाळले चाल. तपासून घे."

ती घाबरली. "कायले? काय असन?"

थोरली सून म्हणाली, "दवाखान्यात कायले नेता खाला, नाव खराब होईन पोरीचं. ते आजार वंगाळ बायांलेच होते म्हणते."

हमीदाचं मला बोलता येत नव्हतं. ती अमानत, माझ्याकडची ठेव होती, ती मातीत गेली. सलीमचा चेहरा डोळ्यांपुढे आला. या आडोशात बोललेलं तिसऱ्या प्रहरच्या असरच्या नमाजेआधी साऱ्या वस्तीत जाईल, हे मला पक्कं माहीत होतं. पण झाकायचं ते मुर्द्याचं असतं. आणि मी जिवंत होते.

"मी वंगाळ हावो काय?" मी विचारलं. "पित्ताशय-बित्ताशय काही नव्हतं. मले पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालता. आठ महिने खून गेलं अन् मी काही नाही म्हणत बसली. अन् चौदा वर्षांपासून मले एचआयव्ही हाये. नवऱ्याशिवाय मी कोण्या माणसाले अंगाले हात नाही लावू देल्ला. तरी दोन्ही माह्याच वाट्याले आले. आता सांगा, कोण वंगाळ?"

थोरली सून दोन पावलं मागे सरकली, तिची पाठ चादरीला लागली. धाकटी माझ्या हातांकडे बघत होती, ते तिच्या सासूच्या खांद्यावर होते. मी ते उचलले नाहीत. अर्धं गुस्ल टाकून मी आपणहून उठणार नव्हते, पण त्या सुना 'उठा' म्हणाल्या असत्या तर उठले असते.

रुबीनानं लोटा बादलीत बुडवला. भरून वर काढला, एक पाऊल जवळ आली आणि माझ्या दोन्ही हातांवर धार धरली.

"खाला, हात चालवा," ती म्हणाली. "पाणी थंडं होऊन राह्यलं."